तळघर राहतं करण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या

पत्र असं आहे:

‘ताई, शुक्रवार पेठेत आमचा जुना वाडा आहे. खाली १२ बाय १८ फुटांचं दगडी तळघर, वर कडीपाट म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, रस्त्याच्या बाजूला दोन झरोके. पूर्वी तिथे ज्वारी असायची, आता अडगळ आहे. यंदा मे महिन्यात वरच्या पत्र्याच्या खोलीत राहवेना, म्हणून सासूबाईंना दुपारी खाली चटई टाकून दिली. त्या दिवशी त्या कितीतरी दिवसांनी शांत झोपल्या. तेव्हापासून घरात एकच विषय, तळघर नीट करून घ्यायचं. सासूबाईंना झोपायला होईल, मुलगी दहावीला गेलीय तिला अभ्यासाला होईल. एका कंत्राटदाराने साडेचार लाख सांगितलेत. भिंतींना सिमेंटचा गिलावा, त्यावर वॉटरप्रूफ रंग, खाली टाइल्स, वर पीओपीचं छत. उंची साडेसहा फूटच आहे म्हणून जमीन दोन फूट खोदायची. कोपऱ्यात संडास-बाथरूम. दिवाळीच्या आत देतो म्हणतो. मागच्या भिंतीला खालून हातभर ओल आहे, पांढरं पीठ गळतं. तो म्हणतो, रंगाखाली सगळं दबून जाईल. एका कोपऱ्यात धान्य साठवायचं जमिनीतलं पेव आहे, तोंडावर फरशी आहे. मिस्टर म्हणतात उघडून बघू, तेवढीच जागा वाढेल. मामंजी म्हणतात, तळघराला हात लावू नका. कोणाचं ऐकू? — एक सूनबाई, सोलापूर’

सूनबाई, बाकीचं सावकाश बोलू, आधी पेवाचं. ती फरशी कोणी उचलू नये. मिस्टरांनी एकट्याने तर कधीच नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेवात तळाशी राहिलेले दाणे, भुसा, आत शिरलेली मुळं कुजत असतात. कुजताना आतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खालीच बसून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो, आणि त्याला काढायला घाईघाईने उतरलेला दुसराही. जुन्या विहिरींत, पेवांत, गटाराच्या चेंबरमध्ये अशीच एकामागून एक माणसं गेली आहेत. पूर्वी कंदील सोडून बघायचे. तो विझला तर उतरायचं नाही, हे बरोबरच. पण तो जळत राहिला म्हणजे आतली हवा चांगली आहे, असं मात्र धरू नका. पेवाने जागाही वाढत नाही. त्याचं तोंड अरुंद आणि पोट मोठं असतं, आणि ते पोट कदाचित भिंतीच्या पायाच्या कुशीतच असेल. ते बंद करायचं ठरलं तर तळघराचं दार आणि झरोके सताड उघडे ठेवून, मुलांना लांब ठेवून, जाणत्या माणसांकडून फरशी सरकवून घ्या. एक-दोन दिवस तिकडे कोणी फिरकू नका. मग कोणीही आत न उतरता वरूनच वाळू आणि बारीक खडी सोडून ते भरून घ्या आणि तीच फरशी पुन्हा वर बसवा.

त्याआधी मामंजींजवळ बसा. तळघराला हात लावू नका असं ते म्हणतात, त्यामागे त्यांनी पाहिलेलं काहीतरी असणार. त्यांना तीन गोष्टी विचारा. पेवात ज्वारी किती वर्षं ठेवत होते? ती कधी भिजली, काळी पडली, कुबट झाली का? आणि मागच्या भिंतीची ओल त्यांना पहिल्यांदा कधी दिसली?

हे विचारायला सांगते, कारण पेव कोणी ओलीत काढत नाही. मालदांडी ज्वारीची पोतीच्या पोती जमिनीखाली टिकत होती, म्हणजे तुमच्या वाड्याखालची जमीन कोरडी होती. कोरड्या जागी बांधलेल्या तळघराला आज हातभर ओल असेल, तर ती मुळातली नाही, मागून आलेली आहे. भिंतीपलीकडे काहीतरी बदललं आहे. ते काय, हे शोधणं म्हणजे तुमचं अर्धं काम. कंत्राटदाराच्या यादीत नेमकं तेवढंच नाही.

माझ्या माहेरी हेच झालं. बाळीवेशीतल्या आमच्या घरातही तळघर होतं. उन्हाळ्यात दुपारी आजी तिथे शेंगा फोडत बसायची आणि आम्ही पोरं थंड फरशीवर पोट टेकून पडायचो. पुढे एका भिंतीला ओल आली. गवंड्याने सिमेंटचा गिलावा केला, वर चकचकीत टाइल्स लावल्या. पहिलं वर्ष सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओल तळघरात दिसेना, ती वर देवघराच्या भिंतीला दिसू लागली. चौकटीवर बोट दाबलं तर आत गेलं, वाळवीने ती पोखरून काढली होती. शेवटी टाइल्स फोडल्या तेव्हा मागचा दगड पाण्याने निथळत होता आणि दर्जांमधला, म्हणजे दगडांच्या सांध्यांतला, चुना भिजवलेल्या पोह्यांसारखा हाताला येत होता. पाणी येत होतं ते आमच्याच अंगणातल्या जमिनीतल्या टाकीच्या एका सांध्यातून. तो सांधा आधी सापडला असता तर एका दिवसाचं काम होतं. म्हणून ‘रंगाखाली दबून जाईल’ हे वाक्य वाचलं की माझा जीव वर-खाली होतो. दगड आणि चुन्याच्या भिंतीत शिरलेलं पाणी कुठूनतरी बाहेर पडणारच. आतली बाजू बंद केली तर ते भिंतीतूनच वर चढतं आणि जिथे वाट मिळेल तिथे फुटतं. पांढरं पीठ गळतंय, म्हणजे तुमची भिंत अजून पाणी बाहेर टाकते आहे. तो लोणा आहे. पाणी येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं, ते पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात.

पाणी शोधायचं कसं, तेही सांगते. यात खर्च जवळजवळ नाही, चिकाटी मात्र हवी.

एक वही करा. ओलीची वरची कड खडूने आखा, शेजारी तारीख लिहा. आठवड्यातून दोनदा नवी कड आखा. वहीत प्रत्येक आखणीसमोर दोन गोष्टी लिहा: त्या दिवशी नळाला पाणी होतं का, आणि पाऊस होता का. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्या एका खोडीचा इथे मोठा उपयोग होतो. नळ आले त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ओल चढली आणि मग उतरली, तर महापालिकेची किंवा तुमचीच पाइपलाइन कुठेतरी गळते आहे, कारण दाब त्याच दिवशी असतो. नळाचा काही संबंध दिसत नाही आणि ओल सतत एका उंचीवर असेल, तर टाकी किंवा सांडपाणी. पावसानंतर एक-दोन दिवसांनी चढत असेल, तर पागोळ्यांचं, गच्चीचं किंवा अंगणाचं पाणी.

टाकीसाठी वेगळी परीक्षा आहे. पाणी येऊन टाकी भरली की रात्री झोपताना सगळे नळ बंद करा, मोटर बंद करा आणि टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याची पातळी पेन्सिलने आखा. सकाळी पहिली बादली काढायच्या आत बघा. बोटभरही उतरली असेल तर तुमचा चोर सापडला. न्हाणीच्या मोरीत आणि बाहेरच्या चेंबरमध्येही बघा. जुन्या भाजक्या मातीच्या पाइपांचे सांधे निसटलेले असतात आणि साबणाचं पाणी वर्षानुवर्षं गुपचूप भिंतीच्या पायाशी मुरत राहतं.

आणि एक प्लास्टिकची परीक्षा. जाड प्लास्टिकचे दीड-दोन फुटांचे दोन चौकोन कापा. एक ओल्या भिंतीवर, एक कोरड्या दिसणाऱ्या भिंतीवर. चिकटपट्टी ओल्या दगडावर धरणार नाही, म्हणून काळी माती कणकेसारखी मळून चारही कडा लिंपून टाका, हवा आत-बाहेर होता कामा नये. दोन दिवसांनी बघा. दव प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असेल तर दोष हवेचा आहे. भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा उपाय बाहेर करायचा असतो, हवेतल्या ओलीचा आत. त्यामुळे हे दोन एकमेकांत मिसळू देऊ नका.

रस्त्यावर उभं राहून झरोक्यांकडेही बघा. आपल्या पेठांत रस्त्यावर रस्ता चढत गेला आहे. वाडा बांधला तेव्हा गुडघाभर उंच असलेला झरोका आज रस्त्यापासून चार बोटं वर उरलेला असतो. ऑक्टोबर २०२० मध्ये परतीच्या पावसाने सोलापूरची जी दाणादाण उडवली, तसा पाऊस पुन्हा आला तर रस्त्यावरचं पाणी थेट आत येईल. झरोक्याला बाहेरून ८-९ इंचांचा दगडी उंबरा बांधून घ्या, वर छोटा छज्जा काढा, आतून बारीक जाळी लावा. ही जाळी उंदीर, विंचू आणि सापासाठीही आहे. हे काम पावसाआधी, याच महिन्यात करा.

तसंच पागोळ्या. पत्र्याचं पाणी मागच्या भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर पन्हळ लावून ते भिंतीपासून निदान ५-६ फूट लांब नेऊन सोडा, आणि भिंतीलगतच्या जमिनीला बाहेर उतार द्या. तुमच्या भिंतीमागे काळी माती भरलेली असेल तर हे फारच महत्त्वाचं. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि भिंतीला आत ढकलते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पहिल्या पावसाचं पाणी मग त्या भेगांतून सरळ खाली पायाशी जातं. पन्हळ आणि उतार एवढ्यावर बऱ्याच तळघरांची ओल निम्मी होते, हे मी पाहिलेलं आहे.

आता खोदाईबद्दल. याला माझा साफ नकार आहे.

जुन्या वाड्यात तळघराची भिंत हाच वरच्या घराचा पाया असतो. ती कुठपर्यंत खाली गेली आहे हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि कंत्राटदारालाही नाही. पुष्कळदा ती आजच्या जमिनीखाली फूटभर जाऊन मुरमावर टेकलेली असते. दोन फूट खोदलं की भिंतीचा पाय उघडा पडतो, त्याला आतून आधार देणारी माती निघून जाते, आणि बाहेरून काळ्या मातीचा रेटा तर चालूच असतो. वर दोन मजले, माणसं, पाण्याच्या टाक्या. पावसाळ्यात अशी भिंत सरकली तर सावरायला वेळ मिळत नाही. ज्याला खोदायचंच असेल त्याने स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून, एका कोपऱ्यात हातभर रुंद चाचणी खड्डा घेऊन, पाया किती खोल आहे ते आधी बघावं. इंजिनिअरच्या लेखी सहीशिवाय कुदळ लावू देऊ नका.

उंची मिळवायचा बिनधोक मार्ग वेगळा आहे. तळघराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या माती, कोबा (चुना-खडी ठोकून केलेली जमीन), तुटक्या फरश्या असे थर चढलेले असतात. एका कोपऱ्यात ते हलक्या हाताने काढून मूळ फरशी लागते का बघा. लागली तर तिथे थांबा, तिच्याखाली जायचं नाही. तीन-चार इंच तेवढ्यानेच मिळतील. पीओपीचं छत रद्द केलंत की तेवढेच इंच वरूनही वाचतील. छत तसंही झाकू नका. कडीपाट हा तळघराचा नाडीपरीक्षेचा हात आहे. वाळवीची पहिली मातीची रेघ, तुळईच्या टोकाला आलेला पहिला काळा डाग तिथेच दिसतो, आणि तो दिसायला हवा. वाळवीची फवारणी करून घ्या, तुळयांची भिंतीत शिरणारी टोकं टाचणीने टोचून बघा, आणि लाकूड उघडं ठेवा.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं बोलते. हे तळघर झोपायची खोली करू नका. दुपारची बैठक करा.

खाली गार का वाटतं? जमिनीत ८-१० फुटांवर उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही, तिथलं तापमान वर्षाच्या सरासरीच्या आसपास राहतं. सोलापुरात ते साधारण २७ अंश. बाहेर ४३ असताना २७-२८ अंशांची दगडी भिंत म्हणजे स्वर्गच. रात्री मात्र बाहेरची हवाही उतरलेली असते, त्यामुळे तळघराचा फायदा उरत नाही आणि धोके तेवढे उरतात. बाहेर पडायला एकच जिना. वर लाकडी छत. रात्री वायरीने पेट घेतला किंवा पाणी शिरलं, तर गुडघे दुखणाऱ्या माणसाने अंधारात उभ्या पायऱ्या चढून यायचं? दुपारी घर जागं असतं, हाकेला कोणीतरी असतं. कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तळघराचे उपयोग मोजून दिले आहेत, सामान ठेवणं, गाड्या लावणं, यंत्रं बसवणं अशा प्रकारचे. राहण्याची खोली त्यात बसत नाही. नव्या तळघराला किमान २.४ मीटर, म्हणजे जवळपास ८ फूट उंची लागते, तुमची २ मीटर आहे. म्हणून काहीही बांधण्या-फोडण्याआधी वाड्याचा जुना नकाशा घेऊन महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात जा आणि डागडुजीत काय बसतं ते विचारून या.

सासूबाईंच्या रात्रीचा प्रश्न वरच सोडवा. खरा शत्रू तो पत्रा आहे. पत्रा घासून त्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग द्या आणि खालून चार-सहा इंच हवा खेळेल असं छत लावा. त्या खोलीच्या रात्री सोसवण्यासारख्या होतील. साडेचार लाखांतला पहिला खर्च मी तिथे केला असता.

आता तळघराची हवा. कोरड्या उष्ण भागात राहत्या खोलीला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश तरी उघडी जागा हवी, असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा दंडक आहे. तुमची जमीन २१६ चौरस फूट, म्हणजे जवळपास २२ चौरस फूट उघडी जागा लागेल. तुमचे झरोके दीड बाय एकचे धरले तर दोन्ही मिळून तीनच चौरस फूट होतात, आणि तेही एकाच भिंतीत, म्हणजे वारा आरपार जात नाही. शिवाय गार हवा जड असते, ती आपण होऊन वर जिन्याने बाहेर पडत नाही, खालीच साचते. म्हणून पंखा हवाच, आणि तो हवा बाहेर फेकणारा हवा. मागच्या भिंतीलगत जमिनीपासून वीतभर वर तोंड असलेला पीव्हीसी पाइप उभा करून अंगणातून वर न्या आणि त्याला एक्झॉस्ट पंखा जोडा. तो तळची शिळी हवा ओढेल, झरोक्यांतून ताजी आत येईल. तासाला चार-पाच वेळा खोलीतली सगळी हवा बदलेल एवढा पंखा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

तो कधी चालवायचा हेही महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात रात्रभर आणि पहाटे. सकाळी ऊन चढायच्या आत झरोक्यांना आतून फळ्या लावायच्या, म्हणजे रात्रीची गार हवा दुपारपर्यंत पुरते. माणसं बसलेली असताना मात्र पंखा मंद चालूच राहू दे. पावसाळ्यात उलट. पाऊस पडत असताना झरोके उघडले तर बाहेरची ओली हवा आत येऊन थंड भिंतीपाशी आणखी दमट होते, आणि पंधरा दिवसांत कपड्यांना, वह्यांना बुरशीचा वास येतो. काही शे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते भिंतीला अडकवा. आकडा ६० च्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. ७० च्या वर दिवसच्या दिवस राहत असेल तर तिथे पुस्तकं ठेवू नका. तेव्हा ओल शोषणारं विजेचं यंत्र लावा किंवा श्रावण-भाद्रपदात खोली बंद ठेवा.

भिंतीचं काम पाणी थांबल्यावरच करायचं. आधी लोणा कोरड्या ब्रशने झाडून, पत्रावळीवर गोळा करून घराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातील. सुटलेला गिलावा ओलीच्या कडेपासून आणखी फूटभर वरपर्यंत काढा, दर्जा पोकळ असतील तर खरवडा, आणि भिंत उघडी तशीच काही आठवडे वाळू द्या. मग चुन्याने दर्जा भरून वर चुना, वाळू आणि सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा, शेवटी चुन्याची पांढरी सफेदी. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते, बुरशीला तो मानवत नाही, आणि पांढऱ्या भिंतींनी खोलीचा अंधारही कमी होतो. पाच-सात वर्षांनी खालचा पट्टा पुन्हा भुसभुशीत होईल, तेव्हा तेवढाच काढून नवा करायचा. गिलावा झिजतो म्हणून दगड वाचतो. चुना जाणणारा गवंडी शोधा. जुन्या देवळांच्या, वाड्यांच्या डागडुजीला जाणाऱ्या माणसांकडे चौकशी केलीत तर मिळेल. चुनकळी, म्हणजे भाजलेला कच्चा चुना, विरवताना पाणी उकळतं, उडालेला थेंब डोळा घालवू शकतो, त्यामुळे त्या दिवशी मुलीला आसपास येऊ देऊ नका.

फरशी मूळची शहाबादी असेल आणि जागेवर घट्ट असेल तर ती तशीच ठेवा, सांधे साफ करून चुन्याने भरा. नवी घालायचीच झाली तर खाली खडीचा थर, त्यावर चुन्याचा कोबा आणि पुन्हा शहाबादीच. शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर आहे, आपल्या घरांना हा दगड पिढ्यान्‌पिढ्या मानवला आहे. चकचकीत टाइल्सनी जमीन बंद केली की खालची ओल भिंतींकडे वळते.

ओल नव्हे, पाणीच झिरपून साचत असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. तिथे भिंतीलगत खडीचा चर, त्यात छिद्रांचा पाइप, कोपऱ्यात छोटी विहीर आणि पाणबुडी पंप लागतो. पंप इन्व्हर्टरवर हवा, कारण मुसळधार पावसात वीज जाते.

बाथरूम नको. गटार तुंबलं की सगळ्यांत खालच्या भांड्यातून घाण पाणी वर येतं, आणि सगळ्यांत खाली तुमचंच असेल. गॅसची शेगडी किंवा सिलिंडर तळघरात कधीही ठेवू नका, तो गॅसही हवेपेक्षा जड असतो आणि ठिणगीची वाट बघत जमिनीलगत पसरतो. डासांची कॉइल, कोळशाची शेगडी, जनरेटर, काहीच नाही. वीज नवी ओढा, बोर्ड कमरेच्या वर, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की आपोआप बंद करणारा स्विच) बसवल्याशिवाय पंखासुद्धा लावू नका. जिन्याला दोन्ही हातांना कठडा आणि इन्व्हर्टरवरचा दिवा लावा, प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढा. सासूबाईंसाठी हे काम गिलाव्याच्याही आधीचं.

सामान थोडं ठेवा. बाज आणि रॅक भिंतीपासून वीतभर लांब. फोमची गादी ओल धरते, तिथे आपली सोलापुरी चादर दुहेरी करून अंथरा, आठवड्याला धुऊन कडक उन्हात वाळवता येते.

राहिली वेळ. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, तो न बघता तळघराबद्दल कोणी काही सांगितलं तर तो अंदाज असतो. जूनमध्ये पन्हळ, उतार, उंबरा आणि टाकीची परीक्षा. जुलै ते ऑक्टोबर फक्त वही. या काळात सापडेल ती गळती त्या-त्या वेळी बंद करायची. दिवाळीनंतर भिंती मोकळ्या करायच्या, मग चुन्याचं काम. थंडीत चुना सावकाश वाळतो, त्याला भेगा पडत नाहीत. मेच्या उन्हात केला तर पडतील. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत सफेदी झालेली असेल आणि पुढच्या मार्चपर्यंत भिंती वाळतील. म्हणजे मुलीच्या दहावीला ही खोली उपयोगी पडणार नाही. तिला आत्ताच तसं सांगा आणि वरच्या थंड केलेल्या खोलीत तिचं टेबल लावा. परीक्षेच्या वर्षात तिने गवंड्यांच्या आवाजात बसू नये.

कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. त्याला एवढंच विचारा: मागच्या भिंतीचं पाणी कुठून येतं? तो बाहेर जाऊन टाकी, मोरी, पन्हळ बघू लागला तर पुढे बोलणी करा. तिथेच उभा राहून रंगाच्या डब्याचं नाव सांगू लागला तर त्याला निरोप द्या.

यंदाचे उरलेले दिवस सासूबाई दुपारी खाली झोपल्या तर हरकत नाही. झरोके आणि दार उघडं ठेवा, ओल्या भिंतीपासून त्यांची चटई लांब अंथरा, त्यांना धरून उतरवा आणि कोणीतरी जवळ असू द्या. फक्त त्या पेवापासून दूर, फरशीवर काही जड ठेवून.

सप्टेंबर संपला की वहीतल्या नोंदी मला पाठवा, सोबत प्लास्टिकच्या दोन्ही चौकोनांचे फोटो. आणि मामंजींनी ज्वारीबद्दल काय सांगितलं तेही त्यांच्याच शब्दांत लिहा.